अशनीच्या विवरातलं गाव

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातलं न्योर्डलिंगेन हे मध्ययुगीन गाव उंचावरून जवळजवळ गोल दिसतं. चौदाव्या शतकात बांधायला घेतलेली त्याची तटबंदी आजही अखंड आहे. छपराखालच्या वाटेने तटावरून सुमारे पावणेतीन किलोमीटर चाललं, की गावाला पूर्ण प्रदक्षिणा होते.

पण खरं नवल पायाखाली आहे. साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी इथे अशनी आदळला आणि सुमारे २५ किलोमीटर रुंदीचं विवर तयार झालं. पूर्वी हे ज्वालामुखीचं काम मानलं जाई. १९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांना इथल्या खडकात कोएसाइट सापडलं. प्रचंड दाबाखालीच घडणारं हे खनिज. त्यामुळे आघाताचा पुरावा मिळाला. १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर याच परिसरात खडकांचा अभ्यास करायला आले. सेंट जॉर्ज चर्चचा ९० मीटर उंच मनोराही याच आघातातून घडलेल्या दगडाचा आहे. त्यात हिऱ्यांचे सूक्ष्म कण आहेत! रात्री दहा ते बारा या वेळेत पहारेकरी अजूनही त्यावरून आरोळी देतो.

गावाबाहेर होल्हाइमजवळची पायवाट मात्र चुकवू नका. जुनी दगडखाण, ओफनेटच्या आदिमानवकालीन गुहा आणि मेंढ्या चरणारी माळरानं तिथे एकाच फेरीत पाहता येतात.

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवरही असंच अशनीपाताने घडलं, तेही आपल्या काळ्या बसाल्टमध्ये. जर्मनीला निघण्याआधी लोणार जरूर पाहून घ्या.