रात्रीच्या मुंबईंतील वाद्यवृंद



मोठ्या शहराच्या रात्रीस दोन अंगें असतात. एक मद्याचें व दुसरें संगीताचें. सभ्य गृहस्थाच्या घरीं पहिल्याची निंदा होते, आणि त्या निंदेच्या लोंढ्यांत दुसरेंही वाहून जातें. मुंबईच्या हॉटेलांत गेलीं नव्वद वर्षें वाजत आलेल्या पाश्चात्य वाद्यवृंदांच्या वांट्यास हेंच आलें. म्हणून त्या वाद्यांचा आणि तीं वाजविणाऱ्या माणसांचा थोडा विचार करणें अगत्याचें आहे.

ताजमहाल हॉटेल १९०३ सालीं उघडलें. तेथील नृत्यगृहांत १९३५ सालीं लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक आफ्रिकन वंशाच्या अमेरिकन वादकांचा ताफा घेऊन आला, आणि जाझ ही वादनपद्धति तिच्या खऱ्या वारसदारांकडून मुंबईस ऐकावयास मिळाली. पुढें टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. त्याचा अंत १९४५ सालीं कलकत्त्यास पटकीनें झाला. मायदेशीं वर्णभेदाचे चटके सोसलेले हे कलावंत येथें राजेरजवाड्यांच्या व साहेबांच्या मेजवान्या रंगवीत होते.

त्यांचें वादन ऐकून ही विद्या ज्यांनीं आत्मसात केली, त्यांत गोमंतकीय ख्रिस्ती तरुणांचा भरणा मोठा होता. पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मुलांस पांच रेघांवरील स्वरलेखन वाचावयास शिकवीत. विद्या हातीं होती, परंतु गांवीं पोट भरण्याचें साधन नव्हतें. म्हणून हीं मुलें मुंबईस येत, धोबीतलावाच्या आसपास ‘कूड’ नांवाच्या, गांववाल्यांनीं चालविलेल्या बिऱ्हाडांत आपली ट्रंक ठेवीत, आणि वाद्य घेऊन कामाच्या शोधास लागत. ‘चिक चॉकलेट’ या नांवानें गाजलेले ट्रंपेटवादक अँटोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकींच एक.

अशा वादकाची रात्र मौजेची नसे. दिवे लागले कीं स्वच्छ कोट चढवून तो मंचावर बसे. समोर लोक जेवीत, पीत, हंसत, नाचत. कांटे-चमच्यांच्या आवाजांतून त्यास आपला स्वर वर काढावा लागे. नाचणाऱ्यांचीं पावलें चुकूं नयेत म्हणून लय अढळ ठेवावयाची, आणि तरीही मध्येंच एखाद्यानें ठरलेली चाल सोडून आपल्या कल्पनेनें दूरवर फिरून यावयाचें, हें जाझचें मर्म आहे. आपला गवई तानांचें जाळें विणून नेमका समेवर येतो, त्या कौशल्याशीं याचें नातें आहे. फरक इतकाच कीं गवयासमोर ऐकावयास आलेली मंडळी असत, आणि याच्यासमोर जेवावयास आलेली.

१९४७ नंतर साहेब मंडळी परतूं लागली. १९४९ च्या कायद्यान्वयें १९५० पासून मुंबई राज्यांत संपूर्ण दारूबंदी आली. मजुराचा पगार गुत्त्यांत न जातां त्याच्या मुलांच्या मुखीं पडावा, या हेतूस कोण नांवें ठेवील? तथापि वादकाचें वेतनही त्याच मद्याच्या विक्रींतून निघत होतें. ‘परमिट रूम’ ही पाटी त्या कायद्याची खूण म्हणून आजही दिसते. वादकांची खूण मात्र अन्यत्र शोधावी लागते.

ती सांपडते चित्रपटांत. संगीत-दिग्दर्शकानें चाल सांगावी, आणि तिच्याभोवतीं व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन यांचे निरनिराळे स्वर एकाच वेळीं कसे वाजावयाचे तें कागदावर मांडून द्यावें, हें काम स्वरलेखन जाणणाऱ्या या मंडळींकडे आलें. सेबॅस्टियन डिसूझा यांनीं शंकर-जयकिशन यांच्यासाठीं तें वर्षानुवर्षें केलें. भगवान यांच्या ‘अलबेला’ या १९५१ च्या चित्रपटांत सी. रामचंद्र यांचे साहाय्यक चिक चॉकलेट होते, आणि त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. १९५२ पासून रेडिओ सिलोनची ‘बिनाका गीतमाला’ घरोघरीं ऐकूं येऊं लागली. ज्या वडीलधाऱ्यांनीं नृत्यगृहाची पायरी कधीं चढली नाहीं, त्यांच्याच माजघरांत नृत्यगृहाचें ट्रंपेट वाजूं लागलें, आणि तें कोण वाजवितो हें कोणी विचारलें नाहीं.

पुढें हें संगीत गिरणगांवांत गेलें. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि तिच्या आवारांत कालांतरानें उपाहारगृहें निघालीं. मथुरादास मिलच्या आवारांत २००७ पासून २०१६ पर्यंत चाललेलें ‘ब्लू फ्रॉग’ हें मुख्यतः संगीतासाठींच ओळखलें जाई. परंतु जवळच्याच कमला मिलच्या आवारांत २९ डिसेंबर २०१७ रोजीं मध्यरात्रीनंतर गच्चीवरील उपाहारगृहांत आग लागून १४ माणसें दगावलीं. करमणुकीच्या जागेस बाहेर पडण्याची मोकळी वाट हवी, हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

तेव्हां घरांतील तरुण मंडळी अशा ठिकाणीं निघालीं, तर नुसती भुवई उंचावून भागणार नाहीं. जागा सुरक्षित आहे ना, आणि परततांना मद्य घेतलेल्याच्या हातीं गाडी जाणार नाहीं ना, हें विचारणें वडिलांचें कर्तव्य आहे. आणि सकाळीं आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: काल वाजविलें कोणी? ज्याच्या श्रमावर आपली रात्र गोड झाली, त्याचें नांव तरी आपणांस ठाऊक असावें.