जाब विचारणारा जमाव

दीक्षान्त समारंभात स्नातकांना पदवी मिळते ती ठरावीक विषयांत उत्तीर्ण झाल्याबद्दल. पण त्यांचा कस लागेल असे काही प्रसंग कोणत्याच प्रश्नपत्रिकेत आलेले नसतात. चार-सहा जणांनी एका अनोळखी माणसाला घेरून ‘कुठला रे तू?’ असा जाब विचारायला सुरुवात करणे हा असाच एक प्रसंग होय. एरवी निरुपद्रवी असणारी माणसे भीतीपोटी दुसऱ्यावर दांडगाई कशी करू लागतात, हा विषय पदवीदानाच्या दिवशी काहीसा विसंगत वाटेल. परंतु त्या चार-सहा जणांत अलीकडे एखादा पदवीधरही असतो.

१ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासीबहुल गावी आठवडे बाजार भरला असताना नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच पुरुषांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारले आणि पाचही जणांचा त्यात मृत्यू झाला. डवरी गोसावी ही भिक्षेवर गुजराण करणारी भटकी जमात आहे. भटकी म्हणजे जिला गावात हक्काची जमीन क्वचितच असते आणि जी वर्षाचा मोठा भाग गावोगावी पाले ठोकून काढते. एका लहान मुलीशी त्यांच्यापैकी कोणी बोलू पाहिले, एवढेच निमित्त पुरले असे त्या वेळच्या वृत्तांतांवरून दिसते. मारणारे कोणी सराईत गुन्हेगार नव्हते. बाजाराला आलेले, लेकरेबाळे असलेले, स्वतःही सरकारी कचेरीत संशयाने पाहिले जाणारे लोक त्यांत होते, आणि म्हणूनच ही घटना केवळ क्रौर्य म्हणून बाजूला सारता येत नाही.

मुले पळवणाऱ्या टोळ्यांचा पुरावा म्हणून त्या उन्हाळ्यात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मूळची कराचीतील होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी ती बनवलेली होती, आणि तिच्या शेवटी मोटारसायकलवरचा माणूस उचललेले मूल परत आणून सोडतो व हातातील फलक दाखवतो; भारतात पसरताना नेमका हा शेवट कापला गेला. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात अफवेचे जे विवेचन केले, त्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. त्यांच्या मते विषय जितका जिव्हाळ्याचा आणि माहिती जितकी संदिग्ध, तितकी अफवा बळावते. शिवाय तोंडोतोंडी जाताना तिच्यातले तपशील गळून पडतात आणि उरलेला भाग अधिक टोकदार होतो. पोटच्या पोराहून जिव्हाळ्याचा विषय कोणता, आणि परभाषेतील, ठिकाण न कळणाऱ्या चित्रफितीहून संदिग्ध काय असणार?

तथापि अफवेने भीती का पसरली हे कळते, ती कोणावर कोसळली हे कळत नाही. बाजारात त्या दिवशी इतरही परगावचे लोक असणारच. व्यापारी असतील, गाड्यांचे चालक असतील. संशय मात्र ज्यांच्या पाठीशी कोणी उभे राहणार नाही अशांवरच स्थिरावला, आणि भीती आंधळी असते हे नेहमीचे म्हणणे येथे अपुरे ठरते, कारण उलटून मारू शकणाऱ्याची निवड ती सहसा करत नाही. या निवडीमागे जुना इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समूहांना जन्मानेच संशयित ठरवले, त्यांच्यावर हजेरी लादली, परवान्याशिवाय हिंडणे गुन्हा ठरवले. सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि त्याखालील जमाती ‘विमुक्त’ म्हटल्या जाऊ लागल्या. डवरी गोसाव्यांची परंपरा या वसाहतींहून वेगळी असली तरी, पाल दिसले की चोरी आठवावी ही सवय सरसकट सगळ्याच फिरस्त्यांच्या वाट्याला आली.

दांडगाई पहिल्या फटक्याने सुरू होत नाही. ती सुरू होते चौकशीच्या आविर्भावात: आधी नाव, मग गाव, मग ओळखपत्र, मग पिशवी उघडण्याचा हुकूम, आणि प्रत्येक उत्तराबरोबर संशय घटण्याऐवजी वाढतो, कारण उत्तर दिले तर बनवाबनवी आणि अडखळले तर कबुली. विचारणारा या वेळी स्वतःला गुंड मानत नाही, तो गावाचा रखवालदार झालेला असतो. मागे उभे असलेल्यांपैकी अनेकांना हे पटत नसते, परंतु प्रत्येक जण इतरांच्या गप्प राहण्याला संमती समजून स्वतःही गप्प राहतो. समाजमानसशास्त्रात याला सामूहिक गैरसमजाचा एक प्रकार मानतात. जमावातील खरी बहुसंख्या पुष्कळदा याच लोकांची असते, आणि खटल्यात साक्षीला उभे राहण्याची वेळ आली की तीच आधी पांगते.

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत प्रत्येक जिल्ह्यात समन्वय अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच संवादांपुरतीच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून, म्हणजे योगायोगाने राईनपाड्याच्या सहाव्या स्मृतिदिनापासून, पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या हत्येसाठी स्वतंत्र तरतूद लागू केली. ती आवश्यक होतीच, पण तिच्यात एक अडचण राहते: राईनपाड्यातील जमावाला विचारले असते तर जातीचा उल्लेख कोणी केला नसता, सर्वांनी मुलांचेच नाव घेतले असते.

कायदा पोहोचतो तो मृत्यूनंतर. पहिला प्रश्न आणि पहिला फटका यांच्या मधला वेळ मात्र तेथे हजर असलेल्या ग्रामसेवकाच्या, तलाठ्याच्या, शिक्षकाच्या हाती असतो. आणि त्या वेळेत करायची कामे अगदी किरकोळ असतात: ११२ वर फोन लावणे, पोलीसपाटलाला बोलावणे, पाले कुठे पडली आहेत हे विचारून तेथे एखाद्याला धाडणे, आणि कोणाचे मूल खरोखर हरवले आहे का, हे जमावालाच मोठ्याने विचारणे.