राबणारीचें नांव सातबाऱ्यावर हवें

(कट्टा, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग येथें शेतकरी व कारागीर कुटुंबांच्या सभेंत केलेलें भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढें एकच प्रश्न घेऊन उभे आहों. शेत कोणाचें? तुम्ही म्हणाल, ज्याचें नांव सातबाऱ्यावर त्याचें. बरें, मग त्या शेतांत राबतें कोण? मिरगाच्या पावसाबरोबर तरवा कोण टाकतें? चिखलांत कंबर वांकवून लावणी कोण करतें? बेणणी कोण करतें, कापलेल्या भाताचे भारे डोक्यावरून खळ्यांत कोण आणतें? उन्हाळ्यांत काजूच्या झाडाखालीं पडलेली बी एकेक करून वेंचतें कोण, आणि त्या चिकानें कातडी कोणाची सोलते? कोकमें फोडून सालें कोण वाळवतें? पुरुष नांगर धरतो, पॉवर टिलर चालवतो, आंबा उतरवतो. त्याचे श्रम आम्ही उणे लेखीत नाहीं. परंतु आम्ही विचारलेल्या प्रश्नांचें उत्तर बहुतेक घरांत एकच आहे. बाई.

आमच्या जिल्ह्यांत तर ही गोष्ट आंकड्यांतही दिसते. २०११ च्या खानेसुमारींत सिंधुदुर्गांत दर हजार पुरुषांमागें १,०३६ बायका मोजल्या गेल्या. साऱ्या महाराष्ट्रांत त्या हजारामागें ९२९ होत्या. याचें कारण तुम्हांस सांगावयास नको. घरचा पुरुष चाकरमानी होऊन मुंबईस गेला आणि मागें शेत बाईच्या हातीं राहिलें. पैसे वेळेवर येवोत वा न येवोत, तिनें पेरलें, कापलें, पोरें शिकविलीं.

आतां कागद काय सांगतो तें पाहा. २०१५-१६ सालच्या कृषिगणनेंत साऱ्या देशांतल्या वहितीच्या खात्यांपैकीं बायकांचीं खातीं शेंकडा १४ च्या आसपास भरलीं. उलट, खेड्यांतल्या कामकरी बायका घेतल्या तर चारांपैकीं सुमारें तिघी शेतीवर राबतात. म्हणजे शेतांत ती तिघींत मोजली जाते आणि दप्तरांत सातांत एक उरते. हा हिशेब ज्या सावकारानें मांडला असता त्यास आपण लबाड म्हटलें असतें.

कोणी म्हणेल, नांव असलें काय आणि नसलें काय, भात तर एकाच टोपांत शिजतें. बंधुजनहो, भात एका टोपांत शिजतें हें खरें. पण सरकारचें अनुदान टोप पाहून येत नाहीं, तें नांव पाहून येतें. केंद्र सरकारची किसान सन्मान निधि २०१९ सालीं सुरू झाली. वर्षाचे ६,००० रुपये, दोन दोन हजारांचे तीन हप्ते, आणि ते जमीनधारक कुटुंबास. महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं त्यांत नमो शेतकरी महासन्मान निधीची भर घातली. हे पैसे ज्याचें नांव जमिनीवर, त्याच्या बँकेच्या खात्यांत जातात. २०२४ च्या हंगामासाठीं काजूच्या बीला किलोमागें १० रुपये अनुदान जाहीर झालें. बी वेंचली बाईनें. पण अनुदान मागावयास सातबारा लागला आणि त्यावर काजूची नोंद लागली. भाऊसाहेब फुंडकर यांच्या नांवाची फळबाग लागवड योजना २०१८ पासून आहे. कोंकणांत दहा गुंठ्यांपासून लागवड घेतां येते आणि अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असें मिळतें. तेथेंही पहिला कागद सातबाराच. शिवाय २०२५ पासून महाराष्ट्रांत शेतीच्या योजनांस शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो क्रमांक जमिनीच्या नोंदीवरूनच निघतो. ज्या बाईचें नांव जमिनीवर नाहीं ती तीस वर्षें राबली तरी सरकारच्या लेखीं शेतकरी ठरत नाहीं.

यांत नवल असें कीं सरकारला ही गोष्ट ठाऊक नाहीं असें नाहीं. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालीं शेतकरी आयोग बसला, आणि त्यामागून २००७ सालीं राष्ट्रीय शेतकरी धोरण आलें. त्या धोरणानें शेतकरी या शब्दाची व्याख्या जमिनीच्या मालकीपुरती ठेवली नाहीं. कूळ, मजूर, जंगलांतला गोळा करणारा, असे सारे राबणारे तींत धरले. धोरण पोथींत राहिलें आणि अर्जाच्या नमुन्यांत सातबारा कायम राहिला. अवजारांच्या योजनेंत बाईस ५० टक्के अनुदान आणि मोठ्या शेतकरी पुरुषास ४० टक्के, अशी सवलत ठेवलेली आहे. पण ती सवलत घेण्यासाठीं आधीं बाई खातेदार असावी लागते. पाणी दाखवायचें आणि घागर द्यायची नाहीं, अशांतला हा प्रकार आहे. २०२४ सालीं सुरू झालेली लाडकी बहीण योजना महिन्याला १,५०० रुपये देऊं लागली. पुष्कळ घरांस त्याचा आधार झाला, तो आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ती मदत बाईला बाई म्हणून आहे, शेतकरी म्हणून नाहीं. बहिणीला ओवाळणी मिळाली. तिच्या श्रमाचा हक्क अजून बाकीच आहे.

आतां घरोघरीं जे आक्षेप निघतात त्यांस उत्तर देऊं.

पहिला आक्षेप: बायकोचें नांव घातलें तर काय किसानचा दुसरा हप्ता सुरू होणार? आम्ही खोटी आशा दाखवीत नाहीं. होणार नाहीं. त्या योजनेंत नवरा, बायको व अज्ञान मुलें मिळून एकच कुटुंब धरतात. मग नांव कशाला? तर तिला ओळख क्रमांक मिळावा, अवजारांचें वा फळबागेचें अनुदान तिच्या नांवें मागतां यावें, बँकेंत पीककर्जासाठीं तिला उभें राहतां यावें, आणि उद्यां नवऱ्याचें बरेंवाईट झालें तर तिला दिरापुढें हात पसरावे लागूं नयेत, यासाठीं.

दुसरा आक्षेप: बाईच्या नांवें जमीन झाली कीं ती विकून टाकील. दारूपायीं, सट्ट्यापायीं, रिसॉर्टच्या दलालाच्या भुलीस पडून किनाऱ्यालगतच्या जमिनी आजवर ज्यांनीं विकल्या त्यांचीं नांवें आठवा. त्यांत बायका किती आणि पुरुष किती, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवापुरतें मोजावें. आम्ही त्याहून अधिक बोलत नाहीं.

तिसरा आक्षेप बहिणींविषयीं: तिला लग्नांत दिलें, आतां वाटा कसला? कायदा याचें उत्तर केव्हांच देऊन बसला आहे. महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलीला वडिलोपार्जित मिळकतींत मुलाबरोबरीचा हक्क दिला. पण आधीं लग्न झालेल्या मुली त्यांतून वगळल्या होत्या. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीनें ती अडचण काढली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं हा हक्क जन्मानें आहे, २००५ सालीं बाप हयात असो वा नसो. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वांटण्या मात्र मोडत नाहींत. हा हिंदु कुटुंबांचा कायदा झाला. ख्रिस्ती व मुसलमान घरांस त्यांचा त्यांचा वारसा कायदा लागू आहे. पण वारसाची नोंद वेळेवर करण्याची गरज साऱ्यांस सारखीच.

हें काम होण्यासारखें नाहीं असेंही कोणी समजूं नये. १९८६ च्या नोव्हेंबरांत नाशिक जिल्ह्यांतील चांदवड येथें शेतकरी संघटनेचें बायकांचें मोठें अधिवेशन भरलें. त्यामागून शरद जोशी यांनीं लक्ष्मीमुक्तीची हांक दिली: नवऱ्यानें आपण होऊन बायकोच्या नांवें जमीन करावी. जळगांव जिल्ह्यांतील विटनेर गांवच्या शेतकऱ्यांनीं तसें करून दाखविलें. ते कोणी जहागीरदार नव्हते. तुमच्याआमच्यासारखे कर्जाखालचे शेतकरीच होते. पुढें १५ सप्टेंबर १९९२ रोजीं महसूल खात्याचें परिपत्रक निघालें, कीं नवऱ्यानें स्वखुषीनें अर्ज केल्यास बायकोचें नांव सहधारक म्हणून लावावें. परिपत्रक आहे, परंतु अर्ज करणारे थोडे आहेत. त्यास सरकारचा आळस जितका कारण, तितकाच आपल्या माजघरांतला संकोचही कारण आहे.

कोंकणांतली खरी गांठ निराळीच आहे, आणि ती येथें बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. आपल्या जमिनी सामाईक. एका सातबाऱ्यावर वीस नांवें, कांहीं आजाचीं, कांहीं पणजाचीं. निम्मे खातेदार मुंबईस, कांहीं देवाघरीं. फळबाग करावयाची तर बाकीच्या हिस्सेदारांचें संमतीपत्र लागतें. बाई बिचारी सह्यांसाठीं कोणाकडे जाणार? अशा वेळीं अनुदानाची मुदत निघून जाते आणि जमीन रानमोडीनें भरते.

म्हणून आम्ही चवथीचा मुहूर्त सुचवितों. गणपतीस सारे चाकरमानी घरीं येतात. पांच दिवस आरत्या, भजनें, मोदक होतील. त्यांतली एक दुपार जमिनीच्या कागदांस द्या. सातबारा पुढें ठेवा. जे गेले त्यांच्या वारसांचीं नांवें लिहून काढा. त्यांत विधवा आणि मुली सुटल्या नाहींत ना, हें पाहा. जो मुंबईस राहतो आणि जमीन करीत नाहीं त्यानें करणाऱ्या वहिनीस, काकीस संमतीपत्र लिहून द्यावें. सर्वांचें एकमत असेल तर तहसीलदाराकडे वांटणीचा अर्ज करून सह्या तेव्हांच घ्याव्या. चवथ सरली कीं हीं माणसें पुन्हां शिमग्यापर्यंत एकत्र येत नाहींत.

आणखी चार गोष्टी मायबहिणींनीं मनांत पक्क्या ठेवाव्या.

एक: घरांत मयत झाली कीं तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारसाची वर्दी द्यावी. फेरफार मांडला कीं हरकतीसाठीं पंधरा दिवसांची नोटीस निघते. ती वाचून घ्यावी. आपलें नांव नसेल तर त्याच मुदतींत लेखी हरकत द्यावी. मागाहून कोर्टाची पायरी चढणें गरिबास परवडत नाहीं.

दोन: हक्कसोडपत्र हा साधा कागद नव्हे. भाऊबीजेच्या साडीबरोबर पुढें आलेल्या कागदावर न वाचतां सही करूं नये. भावास हिस्सा सोडावयाचा असेल तर खुशाल सोडावा. पण काय सोडतों हें समजून सोडावा.

तीन: पिकाची नोंद २०२१ पासून मोबाईलवरून करतां येते. काजू, आंबा, नारळ जें उभें आहे तें नोंदवावें. नोंद नसेल तर अनुदान आल्यावर धांवाधांव होते.

चार: बँकेचें खातें आपल्या एकटीच्या नांवें असावें, त्यास आधार जोडलेला असावा, आणि मोबाईलचा क्रमांक आपलाच असावा. पुष्कळ घरांत ओटीपी लेकाच्या फोनवर जातो आणि पैशाची बातमी आईस महिन्यानें कळते.

कुंभार, सुतार, लोहार, बुरूड यांच्या घरांसही हें भाषण लागू आहे. २०२३ सालीं सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेंत अठरा धंदे धरले आहेत आणि हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. पण कुटुंबांतल्या एकासच. माती मळणारी, टोपल्या विणणारी बाई असेल तर अर्ज तिच्याच नांवें कां होऊं नये? घरांत बसून ठरवा, कारकुनावर सोडूं नका.

सरकारपाशीं आमचें मागणें थोडक्यांत असें: जी जमीन कसते तिला ग्रामसभेच्या दाखल्यावर शेतकरी म्हणून ओळख क्रमांक द्यावा, सामाईक जमिनींत कसणाऱ्या बाईच्या अनुदानास दूरच्या हिस्सेदारांच्या सह्यांचा खोडा नसावा, आणि वारसाच्या नोंदींत विधवेचें वा मुलीचें नांव सुटलें तर त्याचा जाब अधिकाऱ्यास द्यावा लागावा. संयुक्त राष्ट्रांनीं २०२६ हें साल शेतकरी बायकांचें साल म्हणून ठरविलें आहे. सभा होतील, हार घातले जातील. आम्हांस हार नकोत. आम्हांस फेरफार हवा.

बंधुजनहो, कसेल त्याची जमीन, असें आपण खोतांपुढें छाती ठोकून म्हणत आलों. तें न्यायाचें होतें म्हणूनच टिकलें. तोच न्याय आपल्या उंबऱ्याच्या आंत लागू करावयाचा कीं नाहीं, एवढेंच आतां तुम्हांस ठरवावयाचें आहे. आज घरीं गेल्यावर सातबारा काढा, आणि त्यावर तिचें नांव आहे का, तें तिच्यासमक्ष वाचा.