शिवारातील धडा आणि गावातील रोजगार

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांच्या तालुका शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पाणलोट क्षेत्र विकासाविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. चर, बांध आणि बंधारे यांची माहिती आपणा सर्वांस आहे. ही कामे मोजणारे, नोंदवणारे आणि राखणारे हात गावात कोठून यावयाचे, एवढ्या एकाच प्रश्नाकडे मला आज आपले लक्ष वेधावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त मी एका अवर्षणप्रवण गावी गेलो होतो. तेथील माध्यमिक शाळेची मुले दर आठवड्यास पाच विहिरींची पाणीपातळी मोजत. दोरीला बांधलेला दगड आणि दोरीवर मीटरच्या गाठी, एवढेच साधन. नोंदवही मात्र अतिशय नेटकी. ती वही ग्रामसभेत वाचली गेली आणि त्या वर्षी उन्हाळी पिकासाठी उपसा करू नये, असा ठराव झाला. मे महिन्यात गावाला टँकर मागवावा लागला नाही. दोन वर्षांनी पुन्हा गेलो, तेव्हा वही कपाटात होती, परंतु तीत नव्या नोंदी नव्हत्या. ज्याने ती मनापासून राखली, तो मुलगा दहावी होऊन शहरातील एका उपाहारगृहात कामाला लागला होता. गावाला त्याची गरज होती. पण तसे त्याला कोणी सांगितले नव्हते.

कुदळ आणि मापपुस्तिका

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारे हजारो हात या राज्याने पाहिले. कै. वि. स. पागे यांच्या विचारातून साकारलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलात आला. पुढे १९८३ मध्ये सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम सुरू झाला आणि मृदसंधारणाची कामे हमीच्या कामांशी जोडली गेली. श्रमाला काम मिळाले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु कुदळ गावकऱ्याच्या हाती आणि मापपुस्तिका बाहेरच्या माणसाच्या हाती, ही विभागणी बहुतेक ठिकाणी तशीच राहिली. गावातील शिकलेल्या मुलाला कुदळ नकोशी वाटते आणि मापपुस्तिका त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हे अंतर शाळेने तोडावयाचे आहे.

भिंतीबाहेरचा वर्ग

२०२० मध्ये इयत्ता नववीच्या अभ्यासक्रमात जलसुरक्षा हा विषय आला. हा विषय फळ्यावर शिकवून भागणार नाही. मुलांना माथ्यावर न्यावे. पाऊस पडत असताना पाणी कोणत्या ओघळीने उतरते, माती कोठे सुटते, गढूळ पाणी कोठे साचते, हे त्यांना पाहू द्यावे. सारख्या लांबीचे दोन बांबू, एक आडवी पट्टी आणि ओळंबा यांची चौकट करावी. ओळंब्याची दोरी पट्टीवरील मध्यखुणेवर आली की दोन्ही पाय समपातळीत आले. अशी चौकट पुढे पुढे सरकवीत मुले समतल चराची रेषा स्वतः आखतात, आणि उताराची भूमिती त्यांना कायमची कळते.

गणिताचेही तसेच. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. पाचशे हेक्टरांच्या शिवारात चारशे मिलिमीटर पाऊस झाला, तर दोनशे कोटी लिटर पाणी पडले. हा आकडा मुलाने स्वतः काढला की पुढचा प्रश्न तोच विचारतो : मग ते गेले कोठे? बाष्प किती झाले, वाहून किती गेले, जमिनीत किती मुरले, हा ताळेबंद तेथून सुरू होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याचा परिपाठ घालून दिला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदविते. शाळेची वही हे त्याच शास्त्राचे पहिले पान होय.

दहावीनंतर

येथे मी खोटी आशा दाखविणार नाही. शिवारफेरीच्या प्रमाणपत्राने नोकरी मिळत नाही. शासकीय पदे थोडी आणि उमेदवार अनेक आहेत. परंतु वाटा आहेत, आणि त्या वेळेवर दाखविल्या पाहिजेत. ज्याला आखणी आवडली, त्याच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सर्वेक्षक आणि स्थापत्य आरेखक हे अभ्यासक्रम आहेत. तंत्रनिकेतनात स्थापत्य पदविका आहे. माती आणि पिके ज्याला कळली, त्याला कृषी शिक्षणाकडे वळता येते. रोपवाटिका, ठिबक संचाची जोडणी, पंपदुरुस्ती, गाळ काढण्याच्या कामाचे मोजमाप, यांना गावोगावी मागणी आहे. ज्या मुलीने विहिरींच्या नोंदी दोन वर्षे ठेवल्या, तिला हिशेब आणि अहवाल लिहिण्याची सवय झालेली असते. ही पुंजी लहान नव्हे.

तीन विनंत्या

शिक्षकांना विनंती अशी की, पर्जन्यमापक आणि विहिरींची नोंदवही शाळेत सुरू करा, आणि नववीच्या मुलांकडून ती आठवीच्या मुलांकडे रीतसर सोपवा. ग्रामपंचायत सदस्यांनी ती वही प्रत्येक ग्रामसभेत वाचावी. गावातील एका प्रशिक्षित तरुणास किंवा तरुणीस नोंदी व बांधांच्या देखभालीसाठी ग्रामनिधीतून माफक का होईना, मानधन द्यावे. अधिकारी मित्रांनी आखणीला येताना गावातील दोन मुले बरोबर घ्यावीत आणि मापपुस्तिकेतील प्रत्येक रकाना त्यांना समजावून सांगावा. यास फार खर्च नाही. थोडा वेळ आणि आस्था हवी.

बंधारा बांधला जातो एका उन्हाळ्यात. पण त्याचा गाळ, त्याची गळती आणि त्याचे पाणी यांकडे पुढील वीस वर्षे कोणी तरी पाहावे लागते. ते पाहणारा माणूस आज आपल्याच वर्गात बसला आहे. कपाटातील ती वही पुन्हा उघडली जावी आणि ती लिहिणाऱ्याला गावात मानाचे स्थान मिळावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!