ठेकेदार जोतिराव आणि नगरपालिकेची थैली
(इंदापूर येथे दिलेले व्याख्यान)



जोतिराव फुल्यांच्या शाळा आपणांस ठाऊक आहेत. आज मी ठेकेदार आणि नगरपालिकेचे सभासद जोतिराव यांजविषयी बोलणार आहे.

सुधारणेचे काम करणाऱ्यासही पोट असतेच. जोतिरावांनी लोकांपुढे हात पसरला नाही. धातू ओतण्याच्या मुशी विकल्या, मांजरीस शेती केली, इमारती सामानाचे ठेके घेतले. खडकवासल्याचे धरण बांधले जात असता त्यास त्यांनी माल पुरविला. आज त्याच धरणाचे पाणी कालव्याने आपल्या इंदापूर तालुक्यापर्यंत येते. परंतु ठेक्यांमुळे त्यांची जीभ बांधली गेली नाही. कालव्याचे पाणी शेतकऱ्यास वेळेवर मिळत नाही, हे त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये १८८३ साली सरकारास स्पष्ट बजावले.

१८७६ साली सरकारने त्यांस पुणे नगरपालिकेवर नेमले. १८८० साली लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते. शहर शृंगारण्यास हजार रुपये खर्चावे, असे ठरू लागले. सरकारी नेमणुकीचा माणूस व्हाइसरॉयच्या स्वागतास नाही कसा म्हणणार? जोतिराव म्हणाले! हा पैसा गरिबांच्या शिक्षणास लावा, असे त्यांचे म्हणणे. विरुद्ध मत देणारे ते एकटेच निघाले.

पुढे मंडईची मोठी इमारत बांधण्याचा बेत निघाला. दगडचुन्याच्या व्यापाऱ्यास याहून गोड बातमी कोणती? तरीही एवढा पैसा इमारतीत घालण्यास जोतिरावांनी विरोध केला. आधी शिक्षण पाहा, म्हणाले. इमारत झाली, १८८६ साली उघडली, रे मार्केट म्हणून गाजली. पुढे तिलाच महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले!

ठेके घेणाऱ्या या माणसाच्या अखेरच्या दुखण्यात घरी पैशाची ओढाताण होती. १८९० साली ते वारले.

आता आपल्या घरचे पाहू. गावात ठेकेदारही असावा, सभासदही असावा. धंदा करणे पाप नव्हे. पण कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण कोणी करावी? ग्रामसभेत कमानीचा खर्च निघाला, की शाळेचे छप्पर गळते का, हे आधी विचारा. एकटे पडलात तरी विचारा. जोतिरावांच्या तसबिरीस हार घालणे सोपे. त्यांच्यासारखे एकट्याने हात वर करणे अवघड. तेवढे करा, म्हणजे हाराचा खर्चही वाचेल.