परिचारिकेचा अर्ज

गेल्या वर्षीं माझ्या एका भाचीचें पत्र कॅलिफोर्नियाहून आलें. ती पुण्याची वाणिज्य-पदवीधर, आतां तेथें स्थायिक. वय चौतीस, पदरीं दोन मुलें. तिनें लिहिलें होतें, 'मामा, मी येथील कम्युनिटी कॉलेजांत नर्सिंगसाठीं अर्ज करणार आहें. आईला कसें सांगूं?' तें अखेर मलाच सांगावें लागलें. ताई म्हणाली, 'पदवीधर मुलीनें दोन वर्षांच्या शाळेंत जाऊन रुग्णांचीं भांडीं उचलायला शिकायचें?'

भांड्यांविषयींचा गैरसमज मी येथें उलगडीत बसत नाहीं. ज्यानें रुग्णालयांत एक रात्र काढली आहे त्याचा तो आपोआप जातो. शाळेविषयींचा मात्र सांगण्याजोगा आहे. कम्युनिटी कॉलेज म्हणजे सार्वजनिक खर्चानें चालणारें, अल्प फीचें, दोन वर्षांचें महाविद्यालय. हल्लीं चालू असलेल्यांत सर्वांत जुनें इलिनॉय संस्थानांत जोलिएट येथें १९०१ सालीं निघालें. दुसऱ्या महायुद्धानंतर परिचारिकांची टंचाई भासूं लागली, तेव्हां कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजांतील मिल्ड्रेड माँटॅग या विदुषीनें १९५१ सालीं असें मांडलें कीं, हें शिक्षण रुग्णालयांतील राबणुकींतून सोडवून महाविद्यालयांत आणल्यास तें दोन वर्षांत पुरें होऊं शकेल. १९५२ मध्यें प्रयोग सुरू झाला. त्या शिक्षणानंतर परवान्यासाठीं जी परीक्षा द्यावी लागते, तीच चार वर्षांची पदवी घेतलेल्यांनाहि द्यावी लागते. नेमणुकीच्या वेळीं कित्येक मोठीं रुग्णालयें पदवीकडे झुकतें माप टाकतात, हें खरें. पण ती पदवी पुढें नोकरी करीत मिळवितां येते.

आतां अर्जाकडे वळूं. हा शब्दच फसवा आहे. आपण समजतों, कागद भरला, फी दिली, झालें. तेथें अर्जाच्या आधींच वर्ष-दीड वर्ष जातें. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजंतुशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह पुरे करावे लागतात. बहुधा इंग्रजी लेखन आणि मानसशास्त्रहि. कित्येक ठिकाणीं पांच-सात वर्षांपूर्वींचे विज्ञानाचे गुण धरीतच नाहींत. माझ्या भाचीला तर मुळाक्षरांपासूनच प्रारंभ होता. मुलें निजल्यावर ती स्वयंपाकघरांत हाडांचीं नांवें घोकीत असे. थोरल्याला तीं अंथरुणांत पडल्या पडल्या तिच्याआधीं पाठ झालीं. शिवाय येथील विद्यापीठाच्या गुणपत्रिकांचें मूल्यमापन मान्य संस्थेकडून करवून घ्यावें लागतें. ज्यांच्या घरांतून कोणी परदेशीं निघालें असेल, त्यांनीं तीं कागदपत्रें निघण्यापूर्वींच मिळवून ठेवावीं, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

इतकें करून पात्र ठरलेल्यांची संख्या पुष्कळदां जागांहून कितीतरी अधिक असते. वॉर्डांत एका शिक्षिकेच्या हाताखालीं थोडेच विद्यार्थी देतां येतात, आणि शिकविण्याची योग्यता असलेल्या परिचारिकेला रुग्णालयांत बहुधा अधिक वेतन मिळतें. मग शिकवावें कोणीं? म्हणून कांहीं महाविद्यालयें परीक्षेंतील गुण, प्रवेशपरीक्षा, कामाचा अनुभव यांना अंक देऊन क्रम लावतात. कॅलिफोर्नियांतील कांहीं महाविद्यालयें तर पात्र अर्जदारांच्या नांवांची चक्क सोडत काढतात.

भाचीचें नांव सोडतींत निघालें नाहीं. विज्ञानाच्या तिन्ही विषयांत तिला पहिली श्रेणी होती! ताईनें विचारलें, 'म्हणजे नापास झाली का?' नापास होणें निराळें आणि चिठ्ठी न निघणें निराळें, हें तिला पटवून देण्यांत माझा अर्धा तास गेला. भाचीलाहि तें स्वतःला पटवावें लागलें असावें. दोन आठवडे तिनें कोणाच्याच फोनला उत्तर दिलें नाहीं.

आतां तिनें आणखी दोन ठिकाणीं अर्ज केले आहेत. त्यांपैकीं एक महाविद्यालय अनुभवाला अंक देतें, म्हणून एक छोटा अभ्यासक्रम पुरा करून ती शनिवारीं-रविवारीं वृद्धांच्या शुश्रूषागृहांत सहायिकेचें काम करते. भांडींहि उचलते. ताईला तें ठाऊक आहे. परवां तिनें मला फोनवर एवढेंच विचारलें, 'त्या दुसऱ्या कॉलेजाची सोडत केव्हां आहे रे?'