झीज भावात धरा

कपाशी-ज्वारीच्या उत्पादनखर्चात आपण बी, खत, मजुरी धरतो. वाकून वेचताना, उकिडवं बसून खुरपताना झिजलेले मणके-गुडघे धरत नाही. सांध्यातली कूर्चा झिजली की भरून येत नाही, पण दुखणं आटोक्यात राहतं. अंथरूण धरू नका. झेपेल तेवढं चाला, मांड्या बळकट करा, लांब दांड्याचं खुरपं घ्या, १६ लिटरचा पंप आलटूनपालटून उचला. पाय लुळे पडले, लघवी अडली तर त्याच दिवशी घाटी गाठा.
कॅलिफोर्नियातले शेतमजूर लढले, १९७५ साली आखूड दांड्याची कुदळ बंद झाली. आपल्याकडे गोपीनाथ मुंडे योजनेत अपघात बसतो, झीज बसत नाही. आपल्याला भीक नको. ही झीज भावात धरा.